गाडी तापत होती तेव्हा

आमची गाडी पहिल्यांदा तापली ती पुलावरच्या रांगेत, आणि ते लक्षात आलं ते मला नाही, बायकोला. मी पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेला मजकूर वाचत बसलो होतो. ही म्हणाली, "अहो, तो काटा एवढा वर असतो का?"

"कुठला काटा?" मी विचारलं.

गाडीतल्या काट्यांपैकी पेट्रोलच्या काट्याशी माझी चांगली ओळख आहे, वेगाच्या काट्याशी कामापुरती. हा तिसरा काटा कंपनीनं शोभेसाठी बसवलेला आहे अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं तो सज्जन भाडेकरूसारखा मधोमध निमूट बसून होता. आता तो लाल पट्ट्यात शिरला होता आणि बॉनेटच्या फटीतून काहीतरी पांढरं वर येत होतं.

"धुकं असेल," मी म्हणालो.

"भर दुपारी," ही म्हणाली, आणि मान मागे टेकून तिनं डोळे मिटले.

एरवी या धुक्यावरून तिनं मला घरी पोचेपर्यंत सोडलं नसतं. पुढे पाहुण्यांनाही सांगितलं असतं. पण हिचे उपचार नुकतेच सुरू झाले होते. पोटात गाठ निघाली होती, त्यासाठी किरणांचा उपचार आणि मधूनमधून सलाइनमधून औषध असं चाललं होतं, आणि ती बोलण्याची ताकदसुद्धा जपून वापरायला लागली होती. मी गाडी कडेला घेतली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आपलं मत दिलं. इंजिन निवेपर्यंत आम्ही तिथेच पुलाच्या कठड्याशी बसून राहिलो आणि हिची उपचाराची वेळ हुकली.

हॉस्पिटल आमच्या घरापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. "टॅक्सी करा" असं सगळ्यांनीच सुचवलं. आमची लेक परगावी नोकरी करते, तिनं तर फोनवर दटावूनच सांगितलं, "बाबा, ती गाडी ठेवा बाजूला आणि मुकाट्यानं टॅक्सी करा." आम्ही केलीही. जाताना ठीक गेलो, येताना हिला उलटी झाली. टॅक्सीवाला भला माणूस होता, काही बोलला नाही. फक्त सगळ्या काचा खाली केल्या आणि आरशातून एकदा मागे बघितलं. घरी आल्यावर ही म्हणाली, "पुन्हा टॅक्सी नको. लोकांच्या गाडीत अंग चोरून बसावं लागतं."

आमच्या गाडीत तिची उशी होती, झाकणाची बादली होती, खिडकीला डोकं टेकलं की बरोबर गालाखाली येईल असा घडी करून ठेवलेला टॉवेल होता. तिथे तिला हवं तसं आजारी पडता येत होतं. तेव्हा गाडी नीट करायची की नाही हा प्रश्नच राहिला नाही. ती करायचीच होती, आणि ते काम मी अंगावर घेतलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण तिनं या प्रकरणात माझी फार नाचक्की केली. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. तक्रार विभागात. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, रस्त्यात पाइप फुटून ओढा वाहतोय, अशा तक्रारींना मी उत्तरं लिहितो. "आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून गळतीचा शोध घेण्याचे काम प्रगतिपथावर आहे." हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की गाढ झोपेत असताना कुणी विचारलं तरी त्यातली एक वेलांटी चुकायची नाही. सबंध शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्यातल्या माणसाच्या गाडीत पाणी टिकत नाही, ही बातमी कचेरीत पसरायला एक चहा पुरला. हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले आणि गंभीरपणे म्हणाले, "रीतसर अर्ज करा. टँकर मंजूर करून देतो."

मी हसलो. त्यांनी हिची चौकशी केली नाही, याचं मला बरंच वाटलं.

त्या सुट्टीला मी सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा राहिलो. आमच्यासारखी माणसं बॉनेट उघडतात ती काही करण्यासाठी नव्हे. आपण काहीतरी करतो आहोत हे बिल्डिंगला कळावं म्हणून. आणि बिल्डिंगला ते लगेच कळतं. पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "गाडीचा रंग गडद आहे ना, म्हणून तापते." दूध घेऊन परतणारे एक गृहस्थ थांबले, त्यांनी इंजिनकडे बराच वेळ बघितलं आणि हल्लीच्या पेट्रोलवर ठपका ठेवून निघून गेले. मग फोरमन आले.

फोरमन आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. नोकरीत असताना ते खरोखरच फोरमन होते, पण साबणाच्या कारखान्यात. मात्र यंत्र म्हटलं की सगळं एकच, अशी त्यांची श्रद्धा. आयुष्यभर ज्याच्या हाताखाली माणसं होती त्याला निवृत्तीनंतर काहीतरी हाताखाली लागतंच. त्या सकाळी आमची गाडी त्यांच्या हाताखाली गेली.

"इंजिन चालू करा," ते म्हणाले. "गरम होऊ द्या. रोग अंगात असतानाच पकडायचा असतो."

मी इंजिन चालू केलं. काटा शिस्तीत वर गेला. लाल पट्ट्याला लागला तेव्हा फोरमननी इंजिन बंद करायला लावलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे बोट दाखवलं. "हे उघडल्याशिवाय आत काय चाललंय ते कळणार नाही."

"गरम असताना उघडू नये असं त्यावरच लिहिलंय," मी म्हणालो.

"ते अडाणी लोकांसाठी लिहिलेलं असतं. ओला फडका द्या."

नेमके त्याच वेळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिथे आले. पार्किंगमध्ये इंजिन विनाकारण चालू ठेवू नये असा एक नियम आहे आणि तो त्यांनीच केलेला आहे. तो नियम मला सांगण्यासाठी ते पुढे वाकले आणि फोरमननी झाकण फिरवलं.

आतून जे बाहेर आलं ते पाणी होतं, वाफ होती, गंज होता आणि कुठल्याशा काळी भरलेला हिरवा कूलंट होता. ते छतापर्यंत जाऊन खाली आलं. सेक्रेटरी लांब होते म्हणून भाजले नाहीत आणि जवळ होते म्हणून भिजले. त्यांनी शर्टाकडे बघितलं, जमिनीवर पसरलेल्या हिरव्या तळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जिना चढून निघून गेले. ते गप्प राहिले की लेखी बोलतात हे मला ठाऊक होतं.

फोरमनचा हात भाजला होता. ते तो पाठीमागे लपवून उभे होते. ही खिडकीतून सगळं बघत होती. हळूहळू एकेक पायरी उतरत ती खाली आली आणि हातातली मलमाची ट्यूब तिनं पुढे केली. "हे लावा भाऊजी. भाजण्यावर चांगलं आहे. मला हॉस्पिटलनं दिलंय."

फोरमननी ट्यूब घेतली. तिच्यावरचं लेबल वाचलं. किरणांनी पोटावरची कातडी जळते तिथे लावायचं ते मलम होतं. त्यांनी एकदा हिच्याकडे बघितलं, मग थोडंसंच, अगदी मुगाएवढं मलम बोटावर घेतलं आणि ट्यूब परत केली.

"आणखी घ्या की," ही म्हणाली.

"पुरे वहिनी," ते म्हणाले. "माझं एवढंच भाजलंय."

त्या दिवसापासून ते रोज जिन्यात मला गाठून विचारायचे, "काय म्हणते गाडी?" मी सांगायचो, "आज थोडी बरी आहे." किंवा, "काल फार त्रास दिला." ते मान हलवायचे. काकूही तेच विचारायच्या, दूधवाले गृहस्थही. कुणी हिच्याबद्दल विचारत नव्हतं. काय विचारावं आणि उत्तर आलं तर त्याचं काय करावं, हे कुणाला कळत नसावं. सगळा जिना गाडीची चौकशी करत होता, आणि मीही गाडीचंच सांगत होतो. संध्याकाळी दार लावून घेतलं की लक्षात यायचं, आपण दिवसभर कुणाच्या तब्येतीबद्दल बोललो ते.

सेक्रेटरींची नोटीस आलीच. "आपल्या वाहनातून द्रवपदार्थ सांडून सामाईक जागेचे विद्रूपीकरण झाले असून, वाहनास गळती नसल्याचे दुरुस्ती करणाऱ्याचे प्रमाणपत्र सादर करावे, अन्यथा वाहन आवाराबाहेर उभे करावे." भाषा चांगली होती. मी स्वतः याच भाषेवर पोट भरतो, त्यामुळे मला ती वाचताना थोडा व्यावसायिक मत्सरही वाटला. पण गाडी आवाराबाहेर म्हणजे पार रस्त्याच्या वळणापलीकडे, आणि हिला आता जिन्यापासून गाडीपर्यंत येतानाच मध्ये एकदा थांबावं लागत होतं.

मी प्रमाणपत्रासाठी गॅरेजवाल्याकडे गेलो. गॅरेजवाला तरुण, तोंडानं गोड आणि बदलण्याच्या बाबतीत हौशी. त्यानं आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटरचं झाकण बदललं, मग रेडिएटर धुऊन काढला. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "आता काही होणार नाही," आणि प्रत्येक वेळी पुलापर्यंत काही व्हायचं नाही. पूल आला की काटा वर. सकाळी बघावं तर पाण्याची पातळी खाली गेलेली, आणि गाडीखाली जमीन कोरडी ठणठणीत.

"गळती नाही असं लिहून दे," मी म्हणालो.

"कसं देऊ काका? पाणी कमी होतंय ना."

"मग गळती आहे असं लिही. निदान एक काहीतरी ठरेल."

"तेही कसं लिहू? दिसत नाही ना कुठे."

"मग काय लिहिशील?"

त्यानं विचार केला. "शोध चालू आहे असं लिहितो."

माझं सबंध आयुष्य त्या क्षणी माझ्यासमोर हात पुसत उभं होतं. मी तो कागद सेक्रेटरींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि "ठीक, पुढील अहवाल द्या," म्हणाले. मी खात्यात लोकांना जे दिलं ते मला परत मिळत होतं, आणि वाईट म्हणजे ते चालतही होतं.

मग हॉस्पिटलच्या दारातला प्रसंग झाला. रुग्णाला उतरवायला पोर्चमध्ये गाडी थांबवता येते, पण इंजिन बंद करायचं नाही असा तिथला नियम. गाडी तिथेच ठेवून लोक पसार होतात म्हणून. मी पोर्चमध्ये शिरलो तेव्हा काटा लाल पट्ट्याच्या उंबऱ्यावर होता. मी इंजिन बंद केलं. रखवालदार धावत आला.

"इंजिन चालू ठेवा साहेब."

"चालू ठेवलं तर उकळेल."

"मग पुढे घ्या."

"पुढे घ्यायला चालू करावं लागेल."

"मग करा चालू."

"उकळेल म्हणतोय ना."

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या नियमात उकळण्याची सोय नव्हती एवढंच. शेवटी त्यानं आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या दोघा कर्मचाऱ्यांनी मिळून गाडी ढकलायची ठरवली. मी स्टीअरिंगवर. ही उतरायला लागली तर रखवालदार म्हणाला, "बसा ताई, तुमचं काय वजन आहे."

तो सहज बोलला. ही बसून राहिली. गाडी हळूहळू पोर्चमधून बाहेर सरकली आणि हिनं खिडकीतून सगळ्यांना हात केला, मिरवणुकीत करतात तसा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाकी माणूस खरं बोलला." मी स्टीअरिंग घट्ट धरून ठेवलं.

हीटरची युक्ती मला मेहुण्यानं फोनवर सांगितली. गाडी तापायला लागली की हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढली जाते आणि काटा खाली येतो. हे ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण ते ऐन उन्हाळ्यात करून बघायला आमच्यासारखी गरज लागते. हॉस्पिटलातून परत येताना पुलावरच्या रांगेत मी हीटर सोडला. पुढच्या जाळ्यांतून भट्टीसारखी हवा आली. माझा शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावर घाम ओघळला, शेजारच्या बसमधली माणसं आमच्याकडे बघायला लागली. काटा मात्र खरोखरच खाली आला.

मी हिला म्हणालो, "थोडं सहन कर, पूल संपला की बंद करतो."

मी तिच्याकडे बघितलं. तिनं दोन्ही हात जाळ्यांसमोर धरले होते, शेकोटीपाशी धरतात तसे. उपचार सुरू झाल्यापासून तिला सतत थंडी वाजायची. उन्हाळ्यात स्वेटर घालूनही हाताची बोटं गार. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडलेले दिसले.

"बंद करू नका," ती म्हणाली. "किती बरं वाटतंय."

घरापर्यंत हीटर चालू राहिला. मी उतरलो तेव्हा फोरमननी माझा अवतार बघून विचारलं, "गाडी ढकलत आणलीत का?" त्यानंतर येताना रोज हीटर सोडायचा असं ठरून गेलं, काटा वर असो की नसो. ती हात शेकत बसायची, मी घामानं निथळत गाडी हाकायचो, आणि आम्ही बोलायचो. लेकीच्या लहानपणाचं, घरात पहिल्यांदा आलेल्या टेबलाचं, तिच्या आईच्या तिरसटपणाचं. घरात आम्हाला एवढं बोलायला सुचत नव्हतं.

पण पाणी रोज कमी होतच होतं, आणि एक दिवस गॅरेजवाल्यानं मला हातानं खूण करून बाजूला बोलावलं. ही गाडीतच बसली होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ताईंसमोर बोललो नाही. पण मला हेड गॅस्केटचा संशय येतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे आतल्या आत. पाणी इंजिनमध्येच जळतंय. तसं असेल तर... गाडीचं वय पण झालंय काका."

खिडकीची काच खाली आली. "जे असेल ते माझ्यासमोर सांगा," ही म्हणाली. "मला सवय आहे."

गॅरेजवाला ओशाळला. मग त्यानं तिलाच समजावून सांगितलं. एक निळं औषध असतं. ते काचेच्या नळीत भरून रेडिएटरच्या तोंडावर धरायचं आणि इंजिन चालू करायचं. आतून जळका वायू पाण्यात मिसळत असेल तर निळं औषध पिवळं पडतं. पिवळं पडलं तर गॅस्केट गेलं.

"आणि निळं राहिलं तर?"

"तर आजार बाहेरचा आहे. बरा होतो."

ही गाडीतून उतरली. मी नको म्हणत होतो, पण ती दार धरून उभी राहिली. गॅरेजवाल्यानं नळी लावली, वरचा रबराचा फुगा दाबत राहिला. आम्ही तिघं त्या बोटभर निळ्या पाण्याकडे बघत होतो. मी उभ्या आयुष्यात कुठल्याही रंगाकडे इतकं टक लावून बघितलेलं नाही. इंजिन धडधडत होतं, काटा वर चालला होता, फुगा दबत होता आणि सुटत होता.

"निळंच आहे ना?" हिनं विचारलं.

"निळंच," गॅरेजवाला म्हणाला.

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला. कुणाचा तरी रिपोर्ट चांगला आला."

गॅरेजवाल्यानं चहा मागवला. चहाची चव तिला लागत नसे, तरी ती अर्धा कप प्यायली, आणि आम्ही जुन्या टायरांवर बसून एखादी परीक्षा पास झाल्यासारखे हसत होतो. खरं तर तिच्या स्वतःच्या तपासण्या त्याच आठवड्यात व्हायच्या होत्या. तो विषय कुणी काढला नाही.

मग आजार सापडला. गॅरेजवाल्यानं रेडिएटरला हातपंप लावून आत दाब भरला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली पडून राहिला. बऱ्याच वेळानं तिथूनच ओरडला, "मिळाला." इंजिनमध्ये पाणी फिरवणारा जो पंप असतो त्याच्या पोटाशी एक थेंब धरला होता. गाडी तापली, दाब वाढला की तिथून पाणी झिरपायचं, आणि इंजिन गरम म्हणून जागच्या जागी सुकून जायचं. खाली कशाला पडतंय. मी वाकून तो थेंब बघितला. एवढासा होता. त्याच्यासाठी आम्ही अर्धा उन्हाळा पुलावर बसलो होतो.

नवा पंप बसला. पूल आला, रांग आली, मी श्वास रोखला आणि काटा मधोमध बसून राहिला. जाताना, येताना, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. "गळती नाही" असं रीतसर प्रमाणपत्र मी सेक्रेटरींना दिलं. त्यांनी त्यावर "प्रकरण निकाली" असं लिहून सही केली आणि कागद हातात ठेवून थोडे घुटमळले. "बाकी ठीक?" त्यांनी विचारलं.

"गाडी एकदम ठीक आहे," मी सांगितलं.

तपासण्यांचे निकाल घेऊन डॉक्टरांनी आम्हाला बसवलं तो दिवस त्याच आठवड्यातला. डॉक्टर अतिशय सभ्य. आतापर्यंत ते "प्रतिसाद बघतो आहोत", "परिस्थितीवर लक्ष आहे" असं म्हणायचे, आणि ती वाक्यं मी ओळखायचो. माझ्याच टेबलावरची होती. त्या दिवशी त्यांनी तसलं काही वापरलं नाही. साध्या भाषेत म्हणाले, "औषधाचा उपयोग होत नाहीये. त्यातून त्रासच जास्त होतोय. आता इथे येण्याची गरज नाही. घरी जेवढं बरं वाटेल तेवढं बघू."

ही शांत होती. तिला बहुधा आधीच कळलेलं होतं. मी डॉक्टरांकडे बघत राहिलो आणि माझ्या तोंडून निघालं, "पण आमची गाडी आता नीट झाली आहे."

डॉक्टरांना काही समजलं नाही. मी आणखी समजावलं. "म्हणजे रोज यायला काही अडचण नाही. पंपच बदललाय. आता वेळ चुकणार नाही आमची."

 हिनं टेबलाखाली माझा हात धरला आणि डॉक्टरांना म्हणाली, "त्यांनी फार मेहनत घेतली हो गाडीवर."

गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली, पण फिरवता येईना. ही वाट बघत बसली. मग म्हणाली, "हीटर सोडा." मी इंजिन चालू केलं, हीटर सोडला. काटा मधोमध होता. मी त्याच्याकडे बघत होतो, कारण तिकडे बघण्याची सवय झाली होती आणि दुसरीकडे बघवत नव्हतं.

"मला रोज याच वेळेला बाहेर पडायचंय," ती म्हणाली. "घरी पडून राहणार नाही."

आम्ही रोज त्याच वेळेला बाहेर पडायचो. पूल ओलांडला की हॉस्पिटलचा रस्ता सोडून सरळ जायचो. तिकडे काही विशेष नव्हतं. गोदामं, मग मोकळं माळरान, मग चढाचा रस्ता, वर एक पाण्याची टाकी. टाकी आमच्याच खात्याची. तिथे गाडी वळवून परत यायचं. चढावर गाडी तापते का हे मी बघायचो आणि ती तापायची नाही. एकदा हिनं विचारलं, "ही टाकी गळते का हो?" मी म्हणालो, "तक्रार आलेली आहे, शोध चालू आहे." ती एवढी हसली की तिला धाप लागली, आणि मला गाडी थांबवावी लागली.

पुढे जिना उतरणं जमेना. मग बाहेर पडणं थांबलं. लेक येऊन राहिली. पावसाळा लागायच्या आधी, एका दुपारी, लेकीचा हात हातात असताना ही गेली.

माणसं आली, बसली, गेली. लेकही रजा संपल्यावर गेली. मी पुन्हा कचेरीत जाऊन पहिलं पत्र लिहायला घेतलं आणि "प्रगतिपथावर" या शब्दापाशी थांबलो. हेडक्लार्कनी न बोलता ते पत्र उचलून नेलं आणि स्वतः पुरं केलं.

गाडी जागच्या जागी उभी होती. उशी आणि टॉवेल लेकीनं जाताना काढून नेले होते. एका सुट्टीच्या दुपारी मी खाली गेलो, गाडीत बसलो आणि इंजिन चालू केलं. बॅटरी उतरू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात फोरमन जिन्यातून उतरले. मला वाटलं, आता विचारतील, काय म्हणते गाडी.

ते खिडकीशी आले. "तुम्ही जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मीपण नाही. चला, जाऊन येऊ कुठेतरी."

गाडीला वळसा घालून ते डाव्या बाजूला गेले. त्यांनी पुढचं दार उघडलं. सीट बघितली. दार धरून ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग ते दार त्यांनी हलकेच लावलं, आवाज न करता, आणि मागचं दार उघडून मागे बसले.

आम्ही फाटकातून बाहेर पडलो. सेक्रेटरी फाटकाशी उभे होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, मागे कुणी बडे साहेब बसलेत आणि पुढे त्यांचा ड्रायव्हर. फोरमन मागे ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि बाहेर बघत होते. मी रडत होतो, म्हणून त्यांनी आरशाकडे एकदाही बघितलं नाही.